भिंतीतली ऊब

जुन्या दगडी इमारतींच्या त्या वस्तीत तिला सगळे चकतीवाल्या बाई म्हणत. घरात मात्र ती धाकटी. वय पन्नाशी ओलांडलेलं, केस कानापर्यंत कापलेले, अंगात वर्षानुवर्षं तोच करडा कोट, आणि खांद्यावर एक पेटी, जी ती कोणालाही उचलू देत नसे. पेटीत चहाच्या बशीपेक्षाही लहान, पातळ चकत्या असत. त्या भिंतीला आतल्या बाजूने चिकटवायच्या, त्यांच्या वायरी नोंदी साठवणाऱ्या एका डबीला जोडायच्या, खिडकीबाहेर छोटा तापमापक लटकवायचा, आणि घरच्यांना हात जोडून सांगायचं की दोन आठवडे याला कोणी बोट लावू नका. खोलीतली उष्णता भिंतीतून किती निसटते, ते त्या चकतीला कळतं. हिवाळ्यात लोक वाटेल तेवढं जळण जाळून खोली तापवतात आणि ती ऊब दगडातून गुपचूप निघून जाते. किती जाते हे एकदा कळलं, की भिंतीला आतून जाड पाट्या ठोकायच्या, गिलावा बदलायचा, की आहे ते बरं आहे म्हणून सोडून द्यायचं, हे ठरवता येतं. एवढंच तिचं काम. पण ती ते अशा थाटात करी की जणू भिंतीची नाडी बघतेय.

बोट लावू नका म्हटलं की लोकांच्या बोटांना खाज सुटते, हे तिला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. एका घरी चकतीच्या वायरीवर ओले मोजे वाळत घातलेले सापडले. एका आजोबांनी चकती दिसायला वाईट दिसते म्हणून तिच्यावर कॅलेंडर टांगलं. एका घरमालकिणीने तर कहर केला. आपली भिंत छान गरम दिसावी म्हणून तिने दोन आठवडे हीटरचं तोंड चकतीकडे करून ठेवलं. झालं भलतंच. ती सगळी धग चकतीतून भिंतीत शिरत राहिली, आणि कागदावर तिची भिंत गल्लीतली सगळ्यात गळकी ठरली. बाईंनी तिला जे काही सुनावलं, ते शेजारच्या इमारतीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. तेव्हापासून बाईंचं मत पक्कं झालं होतं की माणसं लबाड असतात, भिंती नसतात. हे मत ती विचारल्याशिवायही सांगत असे.

या धंद्यात एक चूक मात्र सगळ्यांच्या हातून होते, आणि ती कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. चकतीला दोन बाजू. एका बाजूला लाल ठिपका असतो, तो खोलीकडे यायला हवा. घाईत उलटी चिकटवली तरी चकती मोजते बरोबरच, फक्त बाहेर जाणारी उष्णता आत येताना दाखवते. वजाच्या जागी अधिक, अधिकच्या जागी वजा. त्यावर उपाय सोपा: संगणकावर चिन्ह उलटं करायचं आणि सगळ्या कचेरीला चहा पाजायचा. मोजमाप नेहमी उत्तरेकडच्या भिंतीवर, जिथे ऊन पोचत नाही. ऐन थंडीत, बाहेर पाणी गोठत असताना, उत्तरेची दगडी भिंत घरात ऊब आणतेय असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे पडद्यावर रेघ उलटी दिसली की भिंतीवर कोणी संशय घेत नसे, चिकटवणाऱ्यावर घेत. तो संशय एकदाही खोटा ठरला नव्हता.

धाकटीला एक थोरली बहीण होती. दोघींमध्ये अकरा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा धाकटी जेमतेम अक्षरं गिरवत होती. तिच्या वेण्या घालणं, तिचा ताप उतरवणं, तिला शाळेत ओढत नेणं हे सगळं थोरलीने केलं, आणि पुढे कधी त्याचा पाढा वाचला नाही. तिने जन्मभर टपाल कचेरीत पत्रं निवडली. नवरा गेल्यावरही ती त्याच दगडी इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. जिभेला धार, गुडघ्यांत दुखणं, आणि खिडकीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाची बिनपाण्याने करायची हौस. तिचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्टवाल्या नव्या इमारतीत राही. आईने आपल्याकडे यावं म्हणून तो तीन वर्षं तिच्या मागे लागला होता. थोरलीला ते मान्य नव्हतं. तिकडच्या खिडकीतून फक्त दुसऱ्याची खिडकी दिसते, हे तिचं म्हणणं.

या हिवाळ्यात मुलाने कंबर कसली. दगडाची भिंत, तिला लागून पलंग, रात्रभर थंडी अंगात मुरते, म्हणून खोकला जात नाही, असा त्याचा दावा. थोरली म्हणे, खोकला वयाचा आहे, भिंतीचा नाही. शेवटी त्यानेच तोडगा काढला. मावशी जगाच्या भिंती मोजते, तिने ही पण मोजावी. भिंत वाईट निघाली तर आईने सामान बांधायचं. चांगली निघाली तर तो पुन्हा विषय काढणार नाही. थोरलीने क्षणात होकार दिला. न्यायाधीश घरचाच आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

धाकटीने मात्र दोघांना बजावलं की जो आकडा येईल तोच सांगेन, बहीण असो नाहीतर बहिणीचा बाप. मग घरी जाताना ती मनात म्हणाली, भिंत चांगली निघू दे. ताई त्या खोल्यांतून उठली तर महिन्याभरात वाळून जाईल, अशी भीती तिला खरोखर वाटत होती. तिची बहीण त्या खिडकीत बसायला हवी होती, आणि आता ते तिच्या पेटीवर अवलंबून होतं.

परक्या घरी धाकटीचे नियम कडक होते. आधी कॅमेरेवाल्या सहकाऱ्याला आणून भिंतीचा उष्णतेचा फोटो काढायचा, त्यात गरम-गार ठिकाणं रंगांत दिसतात. मग पालथा हात भिंतीवर फिरवायचा. मग बोटाच्या पेराने ठोकून बघायचं, पोकळ आवाज कुठे येतो. घरात जुनी चूल होती का, धुरांडं कुठून जातं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. मगच चकती. बहिणीच्या घरी तिने यातलं काही केलं नाही. कॅमेरेवाला त्या दिवशी दुसरीकडे अडकला होता, आणि त्याच्यासाठी थांबण्याची गरज तिला वाटली नाही. ही भिंत ती तीस वर्षं बघत आली होती. सपाट, फिकट हिरवा रंग, एक खिळा, खिळ्यावर मेव्हण्यांचा फोटो. घरचंच तर काम.

एवढ्याने भागलं नाही. परक्यांकडे रंग उखडू नये म्हणून ती भिंतीवर आधी कागदी पट्टी लावत असे आणि तिच्यावर चकती. इथे पट्टी लावायचाही कंटाळा केला. चकती बसवायचं चिकट मलम लावून चकत्या थेट रंगावर दाबल्या. एक वर, खिळ्याच्या बाजूला. दुसरी खाली, पलंगाच्या उशाशी. त्यांच्यावर रिवाजाप्रमाणे भिंतीच्याच रंगाचे कागदाचे तुकडे चिकटवले. तोंड एकीकडे चालू होतं, कारण थोरलीने खालच्या सुताराची गोष्ट काढली होती. तळमजल्यावरचं दुकान कित्येक वर्षं बंद होतं, ते थंडीच्या तोंडावर एका सुताराने घेतलं होतं. माणूस भला, पण सरसाचा आणि पॉलिशचा वास जिन्यात भरून राहतो, अशी तिची तक्रार.

मग थोरली पलंगावर बसली, भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाली, "तुझी पेटी काय सांगायचं ते सांगू दे. मी सांगते, यंदा ही भिंत गरम आहे. पाठ टेकली की बरं वाटतं."

"ताई, हातभर जाडीचा दगड आहे तो. त्याला कोण ऊब देणार? तुझ्याच अंगाची ऊब तुला परत मिळतेय."

"असेल बाई. तू शिकलेली."

धाकटी हसली. हात पुढे करून ती भिंत चाचपून बघणं अगदी सोपं होतं. तिच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्यात वायर.

पुढचे दोन आठवडे थंडीने हाडं फोडली. धाकटी एक दिवसाआड बहिणीला फोन करी. थोरली म्हणे, हल्ली सकाळी डोकं जड असतं, उठवत नाही, मळमळतं. मुलगा म्हणाला, तेच तर मी सांगतोय, थंडी बाधतेय. थंडी आत येऊ नये म्हणून त्याने आधीच खिडक्यांच्या सगळ्या फटी पट्ट्या चिकटवून बुजवल्या होत्या, आणि त्या पट्ट्या मावशीनेच कचेरीतून आणून दिल्या होत्या. धाकटीचं निदान वेगळं: चष्म्याचा नंबर वाढलाय, डोळे तपासून घे. आपल्या माणसाच्या दुखण्याला आपण पहिलं सापडेल ते नाव देऊन टाकतो आणि मोकळे होतो.

गुरुवारी सकाळी ती चकत्या काढायला गेली. दार उघडायला थोरलीने इतका वेळ लावला की धाकटीने दोनदा हाक मारली. थोरलीचा चेहरा सुजलेला, बोलणं अडखळत. रात्री झोप लागली नाही का, असं विचारलं तर म्हणाली, लागते की, नको इतकी लागते. धाकटीने तिला गरम पाणी दिलं, सर्दीचं औषध घे म्हणाली, कागदासकट चकत्या खरवडून काढल्या, तशाच पेटीत टाकल्या आणि पळाली. तिला संध्याकाळच्या आत आकडा हवा होता.

कचेरीत पडद्यावर दोन रेघा आल्या. वरच्या चकतीची रेघ शून्याच्या वर, हवी तशी. खालच्या चकतीची शून्याच्या खाली. उलटी. कॅमेरेवाला मागे उभा होता, त्याला हसू आवरेना. "बाई, तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. बाईही हसल्या. ताईच्या गप्पांच्या नादात उलटी चिकटवली, दुसरं काय? तिने एक कळ दाबून चिन्ह फिरवलं. दुसरी रेघ उडी मारून पहिलीच्या शेजारी येऊन बसली. रात्री दोन्ही रेघा चढत होत्या, सकाळी उतरत होत्या, आणि रात्री बाहेर गारठा वाढला की भिंतीतून जास्त उष्णता जाणारच, हे या धंद्यातलं पहिलं पान. उलटं केलेलं चित्र इतकं शहाण्यासारखं दिसत होतं की त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघावंसंही तिला वाटलं नाही. आकडा चांगला आला. अपेक्षेपेक्षा चांगला. तिने सगळ्या कचेरीला चहा पाजला आणि स्वतः दोन कप प्यायली.

भाच्याला फोन केला तेव्हा तो दिलदारपणे हरला. "तू म्हणतेस तर भिंत चांगली, मावशी. शनिवारी आईला न्यायला टेम्पो सांगून ठेवला होता, तो रद्द करतो." थोरलीला सांगितलं तर ती फोनवर हळूच हसली, माझ्या घराला नावं ठेवत होता, म्हणाली, आणि आता जरा पडते म्हणून फोन ठेवला. दुपारचे साडेतीन वाजले होते. जी बाई दुपारी झोपणाऱ्यांना आळशी म्हणत आली, ती साडेतीनला पडते म्हणाली, आणि धाकटीला त्याचं काही वाटलं नाही. ती खुशीत होती.

सोमवारी सकाळी नव्या घराचं काम होतं, म्हणून ती कचेरीत चकत्या साफ करायला बसली. वरचा कागद ओला करून काढायचा, मागचं मलम पुसायचं. पहिली चकती पुसून झाली. दुसरी, ती उलटी वाली, तिने हातात घेतली आणि तिच्यावरचा कागद सोलला. कागदाखाली लाल ठिपका होता.

तिने चकती पालथी केली. मागच्या बाजूला मलमाचा थर, आणि मलमात रुतून बसलेला फिकट हिरव्या रंगाचा पापुद्रा. ताईच्या भिंतीचा. ठिपक्याची बाजू खोलीकडे होती. बिनठिपक्याची भिंतीकडे. चकती सरळ होती.

धाकटीने ती दिव्याखाली धरली, पुन्हा उलटसुलट केली, तरी ठिपका जिथे होता तिथेच राहिला. एवढीशी ती चकती, पण तिच्या हाताला धरवेना. चकती सरळ होती, म्हणजे रेघ खरी होती. म्हणजे दोन आठवडे, आणि रात्री सगळ्यात जास्त, उत्तरेच्या त्या भिंतीतून उष्णता घरात येत होती. दगड आपण होऊन तापत नाही. त्याच्या पोटात काहीतरी गरम आहे. जुन्या दगडी घरात भिंतीच्या पोटात काय असतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? धुरांडं असतं. पलंगाच्या उशाशी कधीकाळी चूल होती, ती विटा लावून बुजवलेली असणार, आणि तिच्यामागे धुरांडं तसंच उभं असणार. वरची चकती त्यापासून बाजूला, अख्ख्या दगडावर होती, म्हणून तिची रेघ नेहमीसारखी आली. खाली कोणीतरी विस्तव पेटवतंय. सुतार. आणि धुरांडं वरून धड उघडं नसेल तर विस्तवाचा तो वायू, ज्याला वास नाही आणि रंग नाही, विटांच्या सांध्यातून ताईच्या उशाशी येतोय. खिडकीच्या फटी आम्ही बुजवल्या. डोकं जड, मळमळ, नको इतकी झोप. सगळं एका दमात तिच्या डोक्यात आलं. दोन आठवडे चकती ओरडून सांगत होती आणि तिने एका बोटाने तिचं तोंड फिरवलं होतं.

ताईचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. मग रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला, भाच्याला "आत्ताच्या आत्ता आईकडे ये" एवढंच सांगितलं, आणि कोट न घालता रस्त्यावर आली. टॅक्सीवाल्याने दोनदा विचारलं की बाई बरं वाटत नाही का, आणि ती ताईचा नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिली.

सुताराचं दुकान उघडं होतं. तो रंधा मारत होता. मागे कोपऱ्यात लोखंडी शेगडी, तिच्यातून निघालेला पत्र्याचा पाइप सरळ भिंतीत शिरलेला. तिला तिकडे बघताना पाहून सुतार कौतुकाने सांगू लागला की फळ्या काढल्या तर भिंतीत जुनं धुरांडं सापडलं, फुकटात सोय झाली, रात्री जाताना कोळशावर राख ओढून जातो, सकाळपर्यंत दुकान कोमट राहतं, सरस गोठत नाही.

"विझवा ते," ती म्हणाली. "आणि पहार घेऊन वर या. माझी बहीण वर आहे."

सुताराला काय झालं ते कळलं नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने रंधा खाली ठेवला. त्याने बादलीभर पाणी शेगडीत ओतलं आणि तो तिच्या मागे जिना चढला. दार आतून बंद होतं. हाका मारून उपयोग झाला नाही. पहारीच्या तिसऱ्या हिसक्याला कडी निघाली.

थोरली पलंगावर होती, पांघरूण नीट गळ्यापर्यंत. गाल लालसर, तुकतुकीत. गेल्या दहा वर्षांत ती इतकी निरोगी दिसली नव्हती, आणि ती लाली त्या वायूची आहे, हे धाकटीला ठाऊक होतं. सुताराने खिडकीची काच फोडली. दोघांनी मिळून थोरलीला उचललं आणि जिन्यात आणलं. उचलताना तोल सांभाळायला धाकटीने उशामागच्या भिंतीवर पालथा हात टेकला. भिंत कोमट होती. आजारी मुलाच्या कपाळासारखी कोमट.

छातीला कान लावला तर ठोके होते. रुग्णवाहिका आली तोवर ती जिन्यात बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि "ताई, ऊठ" एवढंच म्हणत होती. सुतार चार पायऱ्या खाली भिंतीला टेकून उभा होता.

रुग्णालयात थोरलीच्या तोंडाला नळी लावली. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की जीव वाचेल असं वाटतं, पण हा विषारी वायू मेंदूवर काय परिणाम करून गेलाय ते तिला जाग आल्यावरच कळेल. तासाभरात बातमी सगळ्यांना कळली आणि मग एक वेगळंच सुरू झालं. शेजारीण आली आणि धाकटीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, देवासारख्या धावून आलात. सुताराने तिच्यापुढे हात जोडले, बाई, तुम्ही आला नसता तर माझ्या हातून खून झाला असता, म्हणाला. डॉक्टरीण बाईंनीही विचारलं की तुम्हाला इतक्या लांबून कसं कळलं. प्रत्येक कौतुकासरशी तिला वाटे की कोणीतरी आपल्या थोबाडीत मारतंय.

भाचा आला तो घामाने निथळत. आईला काचेतून बघून तो व्हरांड्यात परतला, आणि हा एवढा दांडगा माणूस मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तू होतीस म्हणून, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

गप्प बसता आलं असतं. चिन्ह फिरवलेलं कचेरीत सगळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ कोणालाच कळला नव्हता, आणि चकती तिच्या खिशात होती. पण तो खांद्यावर रडत असताना तिला ते सोसवेना. तिने त्याला बाकावर बसवलं आणि सांगितलं. रेघ उलटी आली होती, गुरुवारीच. यंत्र म्हणत होतं, भिंतीतून ऊब आत येतेय. मला वाटलं, मीच चुकले. मी ती फिरवली.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे फिरवली नसतीस तर आकडा काय आला असता?"

"आकडाच आला नसता. मी पुन्हा जाऊन भिंत बघितली असती."

"आणि मी टेम्पो रद्द केला नसता."

"नाही."

"शनिवारी ती माझ्या घरी असती."

"हो," ती म्हणाली.

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तो उठला, पाणी प्यायला आणि दाराच्या दुसऱ्या बाजूच्या बाकावर जाऊन बसला. दोन बाकांमध्ये नर्सबाईंची गाडी ये-जा करत राहिली.

थोरलीला बुधवारी जाग आली. तिने दोघांना ओळखलं, दोघांची नावं घेतली, पाणी मागितलं. धाकटीला उभ्या उभ्या रडू फुटलं. वाटलं, सुटलो. ताई शुद्धीवर आली, आता शिव्या देईल, मग घरी जाऊ, दुसरं घर बघू, खिडकीवालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण बाई आल्या. थोरलीला उठवून बसवलं, आजचा वार विचारला. तिने विचार करून चुकीचा सांगितला. मग डॉक्टरीण बाई सहज म्हणाल्या, आजी, सदऱ्याचं वरचं बटण उघडं आहे, ते लावा बघू.

थोरलीने खाली बघितलं. दोन्ही हात वर आणले. जन्मभर पत्रांचे गठ्ठे निवडलेली ती बोटं बटणापाशी पोचली, त्यांनी बटण धरलं, आणि ती थांबली. काज तिथेच होतं, बोटभर अंतरावर. तिने बटण काजाच्या बाजूला कापडावर दाबलं, मग गळ्यावर दाबलं. पुन्हा बघितलं. तिला कळत होतं की काहीतरी सोपं आहे आणि ते आपल्याला येत नाहीये. तिने मान वर करून धाकटीकडे बघितलं आणि ओशाळून हसली, एखाद्या पाहुण्या बाईसमोर चहा सांडल्यासारखी.

धाकटी पुढे झाली. ज्या हातांनी आपल्या वेण्या घातल्या त्या हातांवर तिने हात ठेवला आणि बटण घ्यायला बोटं पुढे केली.

"राहू दे, मावशी," भाचा म्हणाला. "मी लावतो."

त्याने ते हळूच म्हटलं, रागाने नाही. धाकटीने हात मागे घेतला आणि त्याला पलंगापाशी जागा करून दिली.